मणक्याचे चित्र कोणाच्या मालकीचे?

सोलापूरहून तुळजापूरकडे जाताना साधारण निम्म्या वाटेवर तामलवाडी लागते. तुळजापूर तालुक्यातले, धाराशिव जिल्ह्याच्या अगदी टोकाचे हे गाव; पलीकडे सोलापूर जिल्हा. एकेकाळी अलीकडे निजामाचा अंमल होता आणि पलीकडे इंग्रजांचा. आता दोन्हीकडे एकच राज्य आणि एकच संविधान आहे. पण आजारी माणसाला ही हद्द अजूनही आडवी येते. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होते, उस्मानाबाद नव्हते. तामलवाडीच्या माणसाला नोव्हेंबर २०१३ उजाडेपर्यंत थांबावे लागले. शिवेच्या पलीकडच्या माणसाचे ऑपरेशन योजनेतून आणि अलीकडच्याचे जमीन गहाण टाकून, असा तो काळ होता. ज्याला जमीनच नव्हती त्याचे काय झाले असेल, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

आज आम्ही ज्या विषयावर लिहीत आहोत तो वरकरणी डॉक्टर मंडळींचा वाटेल. पाठीच्या कण्याचा सीटी स्कॅन आणि त्यावरून संगणक उभे करतो ते थ्री-डी, म्हणजे त्रिमितीय चित्र. चळवळीच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. कणा मोडतो तो ओझे वाहणाऱ्याचा. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईचा, परांचीवरून घसरणाऱ्या बांधकाम मजुराचा, विहिरीच्या कामावर पडणाऱ्याचा, रात्री बिनदिव्याच्या सायकलीवरून महामार्ग ओलांडणाऱ्याचा. तामलवाडीवरून राष्ट्रीय महामार्ग ५२ जातो, गावाला टोलनाका आहे, पोलीस ठाणे आहे. कोजागरीला याच रस्त्याने सोलापूरहून तुळजापूरला लाखो माणसे पायी जातात. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचे काम याच टापूत निघाले, औद्योगिक वसाहतीची बोलणीही गेली काही वर्षे चालू आहेत. विकास येतो तेव्हा आधी खोदकाम येते, आणि खोदकामावर कोण असतो हे पाहायला जातनिहाय जनगणनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली होती आणि बाबासाहेब तिथे आले होते. वतन म्हणजे काय होते? सरकारी माणसाचे सामान पाठीवर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचे, वर्दी द्यायला धावायचे, मेलेले ढोर ओढायचे, आणि त्या बदल्यात मूठभर बलुते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली. ओझे गेले नाही. त्याला आता मुकादमाची उचल म्हणतात, ठेकेदाराचा हप्ता म्हणतात. म्हणून पाठीचा कणा हा आमच्या दृष्टीने नुसता शरीरशास्त्राचा विषय नाही.

आता यंत्राकडे वळू. कारण ज्या गोष्टीची मागणी करायची ती काय आहे हे कार्यकर्त्याला नीट माहीत हवे, नाहीतर समोरचा दोन इंग्रजी शब्द फेकतो आणि आपण गप्प बसतो.

सीटी स्कॅनचा जनक गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड. इंग्लंडमध्ये शेतावर वाढलेला हा माणूस. याच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, तंत्रशिक्षणाचा डिप्लोमा होता. रेकॉर्ड आणि रेडिओ बनवणाऱ्या ईएमआय कंपनीत तो नोकरीला होता. त्याच्या डोक्यात असा विचार आला की एक्स-रेचा किरण एकाच बाजूने न सोडता चारी बाजूंनी फिरवून सोडला आणि प्रत्येक वेळी पलीकडे किती पोचला ते मोजले, तर गणिताने आतला प्रत्येक बिंदू किती घट्ट आहे ते काढता येईल. सुरुवातीच्या प्रयोगात एका वस्तूचे मोजमाप घ्यायला नऊ दिवस लागत आणि संगणकाला गणित सोडवायला अडीच तास. प्रयोगासाठी तो खाटकाकडून बैलाचा मेंदू आणी आणि सार्वजनिक वाहनातून लंडनभर घेऊन फिरे. आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मेली ढोरे ओढली, त्यांना गावाबाहेर ठेवले गेले. तिकडे ढोराचा मेंदू हाताळणाऱ्याला १९७९ साली अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळाले. काम तेच, पण समाज वेगळा. असो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. त्या पहिल्या चित्रात आडवे ८० आणि उभे ८० एवढेच ठिपके होते.

आजच्या यंत्रात एका चकतीत ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २ लाख ६२ हजार १४४ ठिपके असतात. मुळ्याच्या पातळ चकत्या कराव्यात तशा शरीराच्या चकत्या यंत्र कागदावर नव्हे, आकड्यांत करते. एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. कंबरेच्या भागाच्या अशा ४०० चकत्या घेतल्या तर साडेदहा कोटींच्या आसपास ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा. पाण्याला शून्य, हवेला उणे एक हजार, हाडाला काहीशेपासून हजाराच्या पुढेपर्यंत. या मापाला हाऊन्सफिल्डचेच नाव आहे. मग संगणक या चकत्या एकावर एक रचतो, आणि 'अमुक आकड्याच्या वरचे ते हाड' असे सांगितले की मांस, आतडी, चरबी सगळे बाजूला सारून नुसता कणा पडद्यावर उभा करतो. तो फिरवून बघता येतो, पुढून, मागून, खालून, मध्येच उभा कापून आतूनही. म्हणजे थ्री-डी चित्र हा वेगळा फोटो नव्हे. ते त्याच स्कॅनच्या आकड्यांतून केलेले बांधकाम आहे. ही एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढचे भांडण तिच्यावरच आहे.

या चित्राने होते काय? माणसाच्या कण्यात जन्मतः ३३ मणके. मानेचे ७, छातीच्या मागचे १२, कंबरेचे ५, आणि खाली जुळून गेलेले ५ व ४. या मण्यांच्या आतून मज्जारज्जू जातो. उंचावरून पडलेल्या मजुराचा साधा एक्स-रे काढला तर मणका थोडा चेपलेला, पाचरीसारखा दिसतो. 'महिनाभर पट्टा बांधा, आराम करा' म्हणून त्याला घरी पाठवता येते. पण पुष्कळदा तो नुसता चेपलेला नसतो, फुटलेला असतो, आणि फुटलेला तुकडा मागे सरकून मज्जारज्जूच्या नळीत शिरलेला असतो. १९८३ साली डॉ. फ्रान्सिस डेनिस यांनी कण्याचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन खांब कल्पून मोडीची वर्गवारी केली. मधला खांब टिकला की गेला, हा फरक सीटीवर स्वच्छ दिसतो, साध्या एक्स-रेवर अनेकदा निसटतो. मानेच्या सातव्या मणक्याचेही तसेच. एक्स-रेवर खांद्याची सावली पडून तो झाकला जातो. आणि ऑपरेशन करायचे ठरले तर मणक्याच्या मागच्या अरुंद दांड्यातून स्क्रू घालावा लागतो. छातीच्या मधल्या मणक्यांत हा दांडा जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद असू शकतो. स्क्रू आत सरकला तर मज्जारज्जू, बाहेर सरकला तर रक्तवाहिनी. तिथे सर्जनला आधी मोजमाप देणारे चित्र हाताशी असणे याला चैन म्हणता येत नाही.

दुसरा रोग मणक्याच्या क्षयाचा. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि क्षय कुठल्या वस्तीत राहतो हे सर्वांना ठाऊक आहे. कोंदट खोलीत आणि अर्ध्या पोटात. तो कण्यात शिरला की पाठ दुखते, संध्याकाळी ताप येतो, वजन घटते. बाम चोळून, भगत-वैद्य करून सहा महिने जातात आणि मग एक दिवस पाय उचलत नाहीत. लवकर ओळखायला एमआरआय अधिक चांगला. पण हाड किती खाल्ले गेले आहे, कणा कुठे वाकतो आहे, तपासणीसाठी सुई कुठून घालावी, हे सीटी सांगतो.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही यंत्रवाल्यांचे जाहिरातदार ठरू. थ्री-डी चित्र खोटेही बोलते. हाडाचा आकडा कुठून धरायचा हे माणूस ठरवतो. तो जरा वर धरला तर म्हातारीचे विरळ झालेले हाड चित्रातून गायब होते आणि भोक पडल्यासारखे दिसते. खाली धरला तर बारीक चीर बुजून जाते. रुग्ण हलला तर पायरी पडल्यासारखी दिसते. मज्जारज्जू, नस, सरकलेली गादी हे तर त्या रंगीत चित्रात धडपणे येतच नाही. त्यासाठी एमआरआय हवा. म्हणून जाणता रेडिओलॉजिस्ट आधी एकेक चकती वाचतो आणि शेवटी रंगीत चित्र बघतो. नातेवाइकांपुढे मात्र नेमके तेच रंगीत चित्र ठेवले जाते. 'बघा, केवढा मोडलाय' म्हटले की माणूस घाबरतो आणि सही करतो.

घाबरवून शरीर कापण्याचा धंदा आमच्या माणसांना नवा नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजले. सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढल्याचे निघाले. उद्या त्याच बायकांच्या कंबरेवर हा प्रयोग होऊ नये. साध्या कंबरदुखीत पहिले सहा आठवडे स्कॅनची गरज बहुधा नसते, असे जगभरचे वैद्यकशास्त्र सांगते. अपवाद आहेत आणि ते पाठ करून ठेवण्यासारखे आहेत. पडणे किंवा अपघात, ताप व घटते वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पायातली ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे. यातले काही असेल तर एक दिवसही घालवू नये. यातले काहीच नसेल तर 'आधी स्कॅन काढून या' म्हणणाऱ्याला कारण विचारावे. कंबरेच्या एका सीटीमध्ये शरीराला बसणारा किरणांचा डोस छातीच्या साध्या एक्स-रेच्या कित्येक पट असतो, निसर्गातून दोन-तीन वर्षांत मिळावा तेवढा.

आता प्रश्न पैशाचा आणि खात्यांचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले. चांगला निर्णय. पण वैद्यकीय शिक्षण विभागाच्या महाविद्यालयांची रुग्णालये त्या निर्णयाबाहेर राहिली. तामलवाडीचा जखमी कुठे जातो? धाराशिव तुळजापूरच्याही पुढे, सोलापूर जवळ. तो सोलापूरला, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात जातो. म्हणजे ज्या सरकारी दवाखान्यात मोठे यंत्र आणि तज्ज्ञ डॉक्टर, तिथेच त्या निर्णयातला 'मोफत' शब्द लागू नाही. धाराशिवलाही २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण जिल्ह्याचे रुग्णालय एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे गेले की गरिबाच्या केसपेपरावरचा नियम बदलतो का, याचे उत्तर रुग्णालयाच्या दारावर मराठीत लिहिलेले असले पाहिजे. २०१८ पासून हा जिल्हा केंद्राच्या 'आकांक्षित' यादीत आहे. आकांक्षा कोणाच्या, ते यादीत लिहिलेले नाही.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन होते तेव्हा तपासण्यांचा खर्च त्या पॅकेजमध्ये धरलेला असतो. पण ऑपरेशन लागेल की नाही हे ठरवणारा स्कॅन दाखल होण्याआधी बाहेरून काढून आणायला सांगितला, तर तो रुग्णाच्या खिशावर पडतो. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातील जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत उपचार. महामार्गाकाठच्या गावाला ही योजना तोंडपाठ हवी.

आता मूळ भांडणाकडे. स्कॅन होतो, रुग्णाच्या हाती एक मोठी फिल्म आणि इंग्रजी रिपोर्टचा कागद येतो. त्या फिल्मवर चाळीस-पन्नास छोटी चित्रे असतात. शेकडो चकत्या, ते साडेदहा कोटी आकडे कुठे राहिले? यंत्राच्या संगणकात. अनेक ठिकाणी पातळ चकत्या काही दिवसांनी पुसल्या जातात आणि जाड चकत्या तेवढ्या ठेवल्या जातात. मग तोच रुग्ण पुण्याला किंवा मुंबईला गेला की तिथला सर्जन फिल्म उजेडाला धरतो आणि म्हणतो, 'यावरून थ्री-डी होत नाही, पुन्हा स्कॅन करा.' पुन्हा पैसे, पुन्हा किरण. आकडे मिळाले असते तर दुसऱ्या डॉक्टरने आपल्या संगणकावर तोच कणा पाच मिनिटांत उभा केला असता. या आकड्यांच्या फाइलला डायकॉम म्हणतात. एका सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर ती मावते.

ही फाइल रुग्णाची आहे असे आम्ही म्हणतो, ते हवेत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. राज्याने जानेवारी २०२१ मध्ये खासगी शुश्रूषागृहांचे नियम सुधारले, त्यात रुग्णहक्कांची सनद आली. पाठीचा कणा माझा, किरण माझ्या अंगातून गेले, पैसे माझे किंवा माझ्या कराचे, आणि त्यातून निघालेले आकडे मात्र दुसऱ्याचे, हे कोणत्या न्यायात बसते? ज्ञान एकाच्या पेटीत बंद ठेवायचे आणि बाकीच्यांनी पाया पडून ऐकायचे, ही रीत या देशाला जुनी आहे. पेटीचा आकार बदलला आहे इतकेच.

आणि हे आकडे नुसते उपचाराला लागत नाहीत, नुकसानभरपाईलाही लागतात. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही ते परिशिष्ट आहे. त्यात कोणता अवयव गेला तर कमाईची किती ताकद गेली याचे टक्के छापलेले आहेत. अंगठा गेला तर ३० टक्के. डोळा, हात, पाय, बोटाचे पेर, सगळ्यांचे भाव ठरलेले. मोडलेल्या मणक्याचा ठरीव टक्का त्या यादीत नाही. तिथे डॉक्टरने कमाईची ताकद किती गेली ते तपासून सांगायचे. तुटलेले बोट कोणालाही दिसते, मोडलेला मणका सदऱ्याखाली असतो. मालकाचा वकील म्हणतो, 'याची पाठ आधीपासूनच दुखत होती.' अपघाताच्या आठवड्यातला, तारीख-वेळ असलेला स्कॅन आणि त्याची संपूर्ण फाइल हाताशी असेल, तर ताजी मोड कोणती आणि जुनी झीज कोणती हे दुसऱ्या तज्ज्ञाला तपासता येते. फिल्म मुकादमाने 'मी ठेवतो' म्हणून ठेवून घेतली असेल तर काय तपासणार? दिव्यांगत्वाच्या दाखल्याचेही थोडेफार तेच आहे. २०१६ च्या कायद्यात ४० टक्क्यांची रेघ आहे. तो टक्का नुसत्या चित्रावर ठरत नाही, हातापायाची ताकद आणि हालचाल तपासूनच ठरतो. पण तपासणारा कागद बघून सुरुवात करतो, आणि आमचा माणूस तिथे रिकाम्या हाताने उभा असतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तेव्हाही जखमी सोलापूरकडे आणले गेले होते. मणक्याच्या जखमीला हातपाय धरून उचलू नये, फळीवर सरळ ठेवून मान न हलवता न्यावे, एवढी गोष्टसुद्धा त्या दिवशी किती जणांना माहीत असेल? स्कॅनच्या आधीचा उपचार तो. तो गावातच होतो, आणि तो चुकला तर पुढचे चित्र कितीही सुंदर निघाले तरी पाय परत येत नाहीत.

तामलवाडी, माळुंब्रा, सुरतगाव या भागातल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या. पहिला जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे: सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक सीटी स्कॅनची पूर्ण फाइल, पातळ चकत्यांसह, रुग्णाला विनाशुल्क द्यावी आणि रिपोर्टाखाली डॉक्टरने चार ओळी मराठीत लिहाव्यात. दुसरा महामार्ग प्राधिकरणाच्या नावे. टोलनाक्यावर कोणत्या गाडीला किती रुपये याचा मोठा फलक असतो. त्याच्या शेजारी तेवढाच मोठा दुसरा फलक हवा: कॅशलेस योजनेतले जवळचे रुग्णालय कोणते, रात्री दोन वाजता सीटी यंत्र कुठे चालू असते, १०८ आणि १०३३ हे क्रमांक, आणि खाली फळीवर सरळ झोपवलेल्या माणसाचे चित्र.